निर्दोष माणसाची भीती

अंधाऱ्या रस्त्यावरून गाडी चालली आहे आणि आपल्याला दिसतात ते फक्त गाडीच्या आरशातले दोन डोळे. थकलेले, सावध, कशाच्या तरी शोधात असलेले. निकोलस रे दिग्दर्शित 'इन अ लोनली प्लेस' (१९५०) या चित्रपटाची श्रेयनामावली या डोळ्यांवरून सरकत जाते. डोळे हम्फ्री बोगार्टचे. त्याने उभा केलेला डिक्सन स्टील हा हॉलिवूडमधला पटकथालेखक. युद्धाआधी त्याचं नाव होतं, पण आता बरीच वर्षं हातून धड काही लिहून झालेलं नाही. नामावली संपते न संपते तोच सिग्नलपाशी शेजारच्या गाडीतली एक नटी त्याला ओळख देते. तिच्या नवऱ्याला ते रुचत नाही, तो काहीतरी टाकून बोलतो आणि डिक्स भर रस्त्यात गाडीतून उतरून मारामारीला उभा राहतो. नवरा गाडी पळवतो. हे सगळं मिनिटभरात आटोपतं.

थोड्याच वेळाने एका रेस्टॉरंटमध्ये डिक्सच्या मित्राचा, एका म्हाताऱ्या, दारुड्या, विस्मरणात गेलेल्या नटाचा, कुणीतरी अपमान करतं. अपमान करणारा सिनेमातल्या एका बड्या माणसाचा जावई आहे, पैशाने माजलेला. डिक्स त्याला ठोसा लगावतो.

आणि आपल्याला बरं वाटतं.

हे बरं वाटणं मी मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण सगळा चित्रपट त्यावर उभा आहे. माणसाच्या हिंसेशी आपली पहिली ओळख होते ती अशा जागी, जिथे ती दुबळ्याच्या बाजूने उभी आहे. डिक्स हजरजवाबी आहे, खोटं बोलत नाही, वरच्यांची हांजी हांजी करत नाही, पडत्या काळातल्या मित्राला सोडत नाही. असा माणूस चिडला तर आपण त्याच्या चिडण्याला तत्त्वाचं नाव देतो. या जमान्यात ताठ कण्याची माणसं आहेत कुठे, असं म्हणतो. रे यांनी आपल्याला पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या पदरात टाकलेलं असतं. पुढे जे घडतं ते बघताना आपण तटस्थ राहूच शकत नाही, कारण पहिल्या ठोशाला आपण मनातल्या मनात टाळी दिलेली असते.

(पुढे शेवट सांगावाच लागणार आहे. ज्यांना चित्रपट कोरा बघायचा असेल त्यांनी इथे थांबून आधी तो बघावा. जेमतेम दीड तासाचा आहे.)

गोष्ट अशी. डिक्सला एका खपाऊ कादंबरीवर पटकथा लिहायची आहे. ती वाचण्याचा त्याला कंटाळा. रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाइकांच्या टोप्या-कोट सांभाळणाऱ्या मिल्ड्रेड या मुलीने ती वाचलेली असते, म्हणून कथानक ऐकायला तो तिला घरी घेऊन येतो. ती भाबड्या उत्साहाने, हावभावांसकट, सगळी गोष्ट सांगते. तो तिला टॅक्सीपुरते पैसे देऊन वाटेला लावतो. पहाटे पोलीस दारात. मिल्ड्रेडला कुणीतरी गळा दाबून मारलंय आणि चालत्या गाडीतून बाहेर फेकून दिलंय. ती डिक्सच्या घरून एकटीच निघाली हे सांगू शकणारी एकच व्यक्ती आहे, अंगणापलीकडच्या घरात नव्याने राहायला आलेली लॉरेल ग्रे. ग्लोरिया ग्रॅहमने ही लॉरेल केली आहे. पोलीस कॅप्टन तिला विचारतो, तुमचं याच्याकडे एवढं लक्ष कसं गेलं? ती शांतपणे सांगते की तिला त्याचा चेहरा आवडला.

त्या काळच्या हॉलिवूडमध्ये बाईने आपली इच्छा इतक्या सरळ, पोलिसांच्या टेबलासमोर, त्याच माणसाच्या देखत सांगणं ही साधी गोष्ट नव्हती. ग्रॅहम ते लाजत नाही की मिरवत नाही. तिच्या भुवया किंचित उंचावलेल्या, आवाज खालचा. हा चेहरा मला आवडला, बस. खून आणि संशयाच्या अशा चित्रपटांत एरवी बाईची वासना हा सापळा असतो, पुरुष त्यात सापडतो आणि बुडतो. इथे उलटं आहे. ओढ तिला आहे आणि बुडण्याची पाळीही तिच्यावरच येणार आहे.

दोघं प्रेमात पडतात. तो लिहायला लागतो, रात्र रात्र. ती टंकलेखन करते, त्याला खाऊ-पिऊ घालते, झोपवते. घराला घरपण येतं. त्याचा एजंट मेल आनंदाने वेडा व्हायचा बाकी राहतो, कारण त्याचा हिरा पुन्हा चमकायला लागलाय. हे दिवस खरोखर सुंदर आहेत आणि ते तसे दिसावेत याची रे यांनी काळजी घेतली आहे. छळाच्या गोष्टी सांगताना बहुतेक लोक हा भाग गाळतात. मग ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो की ही बाई एवढी शिकलीसवरली, कमावती, मग राहिलीच कशाला? ती राहिली कारण ते दिवस खरे होते. त्याला तिची गरज होती आणि कुणाच्या तरी प्रतिभेला आपली गरज असणं ही नशा आहे. लॉरेल काही भोळी नाही. या आधी एका श्रीमंत माणसाला सोडून ती स्वतःच्या पायांनी बाहेर पडलेली आहे. तिला निघून जाता येतं. तरीही ती थांबते.

भीती कधी सुरू होते? मला वाटतं, एका जेवणाच्या प्रसंगापासून, ज्यात लॉरेल नाहीच. डिक्सचा युद्धातला सहकारी ब्रब आता पोलिसात आहे, तपासही त्याच्याकडे आहे. डिक्स त्याच्या घरी जेवायला जातो. बोलता बोलता खुनाचा विषय निघतो आणि डिक्स म्हणतो, चला, कसं घडलं असेल ते करून बघू. ब्रब आणि त्याची बायको सिल्व्हिया यांना तो शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसवतो. ब्रब गाडी चालवणारा खुनी, सिल्व्हिया ती मुलगी. डिक्स दिग्दर्शकाच्या जागी उभा राहून सांगू लागतो, हात कसा टाकायचा, कसा आवळायचा, तिचा श्वास कसा अडकेल. बोगार्टच्या चेहऱ्यावर डोळ्यांपुरता उजेड पडतो. आवाज जवळजवळ मायेचा होतो. आणि ब्रब, तो सभ्य, प्रेमळ ब्रब, ऐकता ऐकता इतका रंगतो की बायकोचा गळा खरंच आवळत जातो. ती ओरडते तेव्हा तो भानावर येतो.

हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा बघते. त्यात डिक्स किती भयंकर आहे हे दिसतं, ते ठीकच आहे. पण त्याहून मोठी गोष्ट ब्रबच्या हातात आहे. चांगल्या माणसाच्या हातालाही तो आवळण्याचा रस्ता माहीत आहे, कुणीतरी नीट शब्दांत तो दाखवायचा अवकाश. डिक्स गेल्यावर सिल्व्हिया म्हणते, या माणसाचं काहीतरी बिनसलेलं आहे. ब्रब त्याची बाजू घेतो, तो पहिल्यापासून असाच आहे म्हणतो. युद्धात तो याचा वरिष्ठ होता ना! जे लढाईच्या दिवसांत गुण म्हणून खपलं, ते आता दिवाणखान्यात येऊन बसलंय आणि नवऱ्याला ते अजून गुणच वाटतंय.

पुढे समुद्रकिनाऱ्यावर चौघं सहलीला जातात. सिल्व्हियाच्या तोंडून निसटतं की लॉरेलला पोलिसांनी पुन्हा चौकशीला बोलावलं होतं. हे लॉरेलने डिक्सला सांगितलेलं नसतं. तो उठतो, गाडीत बसतो, मागोमाग लॉरेल धावते. काळोखात तो बेफाम गाडी हाकतो आणि दुसऱ्या गाडीला घासतो. त्यातला तरुण उतरून शिव्या देतो. डिक्स त्याला मारत सुटतो. पोरगा बेशुद्ध पडतो तरी थांबत नाही. शेजारचा दगड उचलतो. लॉरेल किंचाळते म्हणून तो दगड खाली येत नाही.

आणि मग तो गाडीत येऊन बसतो, शांत होतो आणि तिला एक ओळ ऐकवतो. पटकथेत कुठेतरी घालायची आहे, पण कुठे ते अजून सापडलेलं नाही. तिने चुंबन घेतलं तेव्हा मी जन्मलो, ती सोडून गेली तेव्हा मेलो, मधले थोडे आठवडे जगलो, अशा अर्थाची ती ओळ. तो तिला ती म्हणून दाखवायला सांगतो. ती म्हणते. हात अजून थरथरत असतील तिचे. मिनिटांपूर्वी याच हातांत दगड होता, आता तेच हात तिला प्रेमाची ओळ शिकवतायत, आणि ओळ चांगली आहे, हीच तर अडचण आहे. ती वाईट असती, भडक असती, तर सुटका सोपी होती.

दुसऱ्या दिवशी तो त्या पोराला खोट्या नावाने पैसे पाठवतो. मिल्ड्रेड गेली तेव्हाही चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती, पण परतताना फुलवाल्याला सांगून तिच्यासाठी पांढरे गुलाब पाठवले होते. ज्याने म्हणून असं घर आतून पाहिलंय त्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. उद्रेक, मग गप्प बसणं, मग भेटवस्तू. आणि भेटवस्तू खऱ्या मनाने दिलेली असते, ही त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट. तो नाटक करत नाही. त्याला खरोखर वाईट वाटलेलं असतं. वाईट वाटण्याने पुढचा उद्रेक टळत नाही, एवढंच.

लहानपणी आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. काका बाहेर अतिशय मानाचे, गणपतीच्या मंडळात पुढे, कुणाच्या अडीअडचणीला धावून जाणारे. त्यांनी काकूंवर हात उचलला असं कुणी कधी ऐकलं नाही, मीही नाही. पण संध्याकाळी त्यांच्या स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर आला की काकू रेडिओ बारीक करायच्या, मुलांना आत बोलवायच्या, आणि आमच्याशी चाललेलं बोलणं वाक्याच्या मध्यावर थांबायचं. आम्हा मुलांनाही सवय झाली होती, आम्ही आपापल्या घरी निघून जायचो. मोठी माणसं म्हणायची, तापट आहेत, पण मनाने लोण्यासारखे. त्यांच्या कलाने घेतलं की काही नाही. कलाने घ्यायचं कुणी, हे सांगावं लागत नसे.

चित्रपटात हीच वाक्यं एजंट मेल बोलतो. लॉरेल घाबरून त्याच्याकडे मदत मागायला जाते, तेव्हा तो म्हणतो, तो सुरुंग आहे हे तुला ठाऊक होतं, सुरुंग कधीतरी फुटणारच. हिंसा त्याच्यात आहे जसा डोळ्यांचा रंग आहे, डोक्याचा आकार आहे. तो हवा असेल तर बऱ्यावाइटासकट घे, मी वीस वर्षं घेतलंय आणि पुन्हा घेईन. मेल दुष्ट नाही. आर्ट स्मिथने तो इतक्या ओलाव्याने केलाय की त्याच्यावर रागावणंही जड जातं. तो डिक्सवर जीव टाकतो. पण त्या प्रेमाचा हिशेब बघा. डिक्स लिहिता राहावा म्हणून एका बाईने आपली झोप, आपला जीव पणाला लावावा, असं तो तिला हात जोडून सांगतोय. थोड्याच वेळाने त्याच मेलला डिक्स भर रेस्टॉरंटमध्ये मारतो, चष्मा फुटतो, आणि मग डिक्स स्वच्छतागृहात जाऊन त्याची विचारपूस करतो. मेल माफ करतो. त्याने वीस वर्षं हेच केलंय.

कर्तबगार पुरुषाभोवती असं एक वर्तुळ असतं. कुणी त्याच्या लेखणीवर, कुणी गळ्यावर, कुणी पदावर जगत असतं आणि त्या सगळ्यांच्या पोटापाण्यासाठी घरातली बाई सहन करत राहणं गरजेचं असतं. आपल्याकडेही मोठ्या कलावंतांच्या आठवणी लिहिणारे किती हळुवारपणे लिहून जातात की 'संसारात वहिनींना बरंच सोसावं लागलं, पण त्या खंबीरपणे पाठीशी उभ्या राहिल्या'. मला त्या एका वाक्याची चीड येते. त्या वाक्यात एका बाईचं अख्खं आयुष्य निकालात काढलेलं असतं, तेही तिच्या कौतुकाच्या नावाखाली.

पोलिसांच्या कागदात डिक्सच्या मारामाऱ्यांची यादी आहे. त्यात त्याच्या एका आधीच्या मैत्रिणीचं नाक मोडल्याची नोंदही आहे. तिने तक्रार केली आणि नंतर फिरवली, दारावर आपटून लागलं म्हणाली. हे दार जगात सगळीकडे सापडतं. आपल्याकडे त्याला मोरी म्हणतात. मोरीत पाय घसरला, हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की एवढ्या निसरड्या मोऱ्या एकाच गावात कशा, असा प्रश्न कुणालाच कसा पडला नाही याचं नवल वाटतं.

आता त्या सकाळबद्दल. लॉरेल रात्री झोपेच्या गोळ्या घेऊन पडली आहे, दुःस्वप्नं पडतात म्हणून. डिक्स तिच्या स्वयंपाकघरात न्याहारी बनवतोय. ग्रेपफ्रूट कापायची सुरी मुळातच वाकडी असते, आतला गर सोडवायला. त्याला ते माहीत नाही. सुरी वाकलीय असं समजून तो ती दोन्ही हातांनी सरळ करतो. लॉरेल दारात उभी राहून बघते, अर्धवट झोपेत. तो तिला समजावतो की चांगला प्रेमप्रसंग प्रेमाबद्दल नसावा, आत्ता आपला आहे तसा असावा. मी फळ कापतोय, तू पेंगुळलेली बसलीयस, कुणीही बघून सांगेल की हे दोघं प्रेमात आहेत.

आपण बघतोय आणि आपल्याला दिसतंय की ती पेंगुळलेली नाही, ती भ्यालेली आहे. तिच्या प्रत्येक हालचालीत सावधपणा आहे. तो लेखक आहे, माणसं वाचणं हा त्याचा धंदा, आणि समोर बसलेल्या, जिच्यावर जीव आहे त्या बाईच्या चेहऱ्यावरची भीती त्याला प्रेम म्हणून वाचता येते. सत्ता म्हणजे काय याचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. दोन माणसांच्या खोलीत काय चाललंय याचा अर्थ एकटा लावतो आणि दुसऱ्याला तो अर्थ खोडायची सोय नसते. त्याच बैठकीत तो लग्नाचं विचारतो. आजच, लगेच. ती हो म्हणते. नाही म्हटलं तर काय होईल हे ती त्या काळोख्या रस्त्यावर पाहून आलेली आहे. या 'हो'ला संमती म्हणायचं का? डिक्स म्हणतो. आपल्याकडच्या कित्येक घरांत म्हणतात.

या चित्रपटामागची गोष्टही इथे सांगायला हवी. ग्लोरिया ग्रॅहम आणि निकोलस रे तेव्हा नवरा-बायको होते आणि १९४९ साली चित्रीकरण चालू असताना त्यांचं लग्न मोडत होतं. बाहेर कळलं तर कुणाला तरी काढून टाकतील म्हणून त्यांनी ते लपवलं, रे सेटवरच झोपायला लागला. पण ग्रॅहमला त्याआधी एका करारावर सही करावी लागली होती. कामाच्या वेळेत, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, नवऱ्याला तिला सूचना देण्याचा, ताबा ठेवण्याचा, हुकूम करण्याचाही अधिकार राहील. त्याची मर्जी आणि त्याचा निर्णय तिच्याहून वरचढ मानला जाईल. किरकिर करून, लाडीगोडी लावून किंवा इतर बायकी मार्गांनी ती त्याच्यावर प्रभाव टाकणार नाही. हे सगळं कागदावर आणि त्याखाली तिची सही. रविवारी सुट्टी होती.

हे कळल्यावर मी चित्रपट पुन्हा पाहिला आणि लॉरेलचं ते सावध बसणं, बोलण्याआधीचं थांबणं वेगळं दिसायला लागलं. अभिनय किती आणि कराराच्या सावलीत उभं राहणं किती, हे वेगळं काढता येत नाही. दिग्दर्शकाने आपल्या मोडत्या संसारातून एक प्रामाणिक चित्रपट काढला, याबद्दल रे यांची स्तुती खूप झाली आहे आणि ती रास्त आहे. त्याच प्रामाणिकपणाची किंमत मोजणाऱ्या ग्रॅहमला मात्र त्या स्तुतीत वाटा फार थोडा मिळाला. १९५२ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला.

बोगार्टचं मात्र कौतुक करायलाच हवं. चित्रपट त्याच्या स्वतःच्या सँटाना या कंपनीचा. लोकांना आवडणारा कणखर, एकाकी, न्यायी नायक त्याने त्याआधी बरीच वर्षं साकारला होता आणि इथे त्याने त्याच नायकाची पाठ उलटी करून अस्तर दाखवलं. मूकपटांच्या काळातली नटी लुईस ब्रुक्स त्याला चांगली ओळखायची. तिने लिहून ठेवलंय की ही भूमिका त्याच्या खऱ्या स्वभावाच्या सगळ्यात जवळची होती.

मूळ कादंबरी डोरोथी बी. ह्यूज या लेखिकेची, १९४७ सालची. तिच्यातला डिक्स खराखुरा खुनी आहे. युद्धावरून परतलेला, लेखक असल्याची बतावणी करणारा, रात्री लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर बायकांच्या मागावर निघणारा. सगळी कादंबरी त्याच्या डोक्यात बसून सांगितलेली, पण त्याला ओळखतात आणि अडकवतात त्या सिल्व्हिया आणि लॉरेल. चित्रपटाने हे पार बदललं आणि डिक्सला खुनाबाबत निर्दोष केलं. बाईच्या बुद्धीची एक गोष्ट त्यात गेली, याचं मला दुःख आहे. पण त्या बदलातून जे हाती आलं तेही मोलाचं आहे. कादंबरीत प्रश्न हा की राक्षस कसा सापडेल. चित्रपटात राक्षस नाहीच.

शेवटी लॉरेल पळून जायची तयारी करते. विमानाचं तिकीट, बांधलेलं सामान. बोटातली अंगठी काढलेली. डिक्सला सुगावा लागतो आणि त्याचे हात तिच्या गळ्याभोवती जातात. लिहून ठेवलेल्या शेवटात तो तिला मारून टाकतो. तसं चित्रित झालंही होतं. रे यांना ते पटलं नाही. त्यांनी सेटवरची गर्दी बाहेर काढली आणि नटांना घेऊन नवा शेवट जागच्या जागी रचला. त्यात फोन वाजतो. डिक्स हात सोडतो, फोन घेतो. पोलिसांचा आहे. खरा खुनी, मिल्ड्रेडचा प्रियकर, कबूल झालाय. डिक्स निर्दोष आहे. फोन लॉरेलच्या हातात येतो, पलीकडून दिलगिरी व्यक्त होते आणि ती म्हणते, काल हे कळलं असतं तर आम्हाला केवढं वाटलं असतं, आता काहीच फरक पडत नाही.

हा शेवट जास्त हिंमतीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. तिला मारलं असतं तर आपण सुटलो असतो. म्हणालो असतो, बघा, होताच तो खुनी, तिची भीती खरी ठरली. नव्या शेवटात तो निर्दोष आहे आणि तिची भीती तरीही खरी आहे. तासभर आपण 'त्याने खून केला का' या प्रश्नाच्या मागे धावलो, पोलीसही धावले, आणि त्या वेळात दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही: या माणसाशेजारी झोपता येईल का? पहिल्या प्रश्नाला फोनवरून उत्तर येतं. दुसऱ्याचं उत्तर लॉरेलच्या गळ्यावर आहे.

आपल्या कायद्यालाही या दुसऱ्या प्रश्नापर्यंत यायला फार वेळ लागला. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८अ आलं, तेव्हा नवऱ्याकडून आणि सासरकडून होणारी क्रूरता हा स्वतंत्र गुन्हा ठरला. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ चा, तो लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. मारहाणीबरोबर शब्दांनी, मनाला, पैशाने होणारा छळ त्यात हिंसा म्हणून लिहिला गेला, आणि लग्न न करता, पण लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या बाईलाही संरक्षण मिळालं. अंगावर वळ असायलाच हवेत अशी अट राहिली नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९८४ मध्ये, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि पोलीस यांनी मिळून महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तोही पोलिसांच्याच आवारात. पुढे ते काम राज्यभर पसरलं. समुपदेशक बाईला समोर बसवून आधी तिचं म्हणणं ऐकून घेते, हे त्यातलं मुख्य. लॉरेलला कॅप्टनच्या कचेरीत बोलावलं जातं ते डिक्सबद्दल विचारायला. त्याचा भूतकाळ, त्याचा स्वभाव, त्याच्या मारामाऱ्या. पोलिसांच्या लेखी ती साक्षीदार आहे. तिच्या घरात काय चाललंय ही त्या तपासातली बाब नाही.

कायदा आहे म्हणून आमच्या त्या काकूंना उपयोग झाला असता असं मला वाटत नाही. त्या गेल्या असत्या का कुठे? आणि जाऊन सांगितलं काय असतं, की स्कूटरचा आवाज आला की माझं बोलणं थांबतं? ऐकणाऱ्याने विचारलं असतं, मारतात का? दारू? बाहेर काही? तीनही नाही. मग काय हो काकू. म्हणून मला हा चित्रपट एवढा लागतो. ज्या भीतीचा पंचनामा होत नाही तिला त्याने दीड तास दिलाय, आणि ती भीती भ्रम आहे असं एकदाही सुचवलेलं नाही.

त्यातला एक प्रसंग लांबीने लहान आहे आणि समीक्षक त्याच्यावर फारसं लिहीत नाहीत. लॉरेल सिल्व्हियाच्या घरी जाते. मनात साचलेलं पहिल्यांदा मोठ्याने बोलते. मी त्याला घाबरते, माझा त्याच्यावर विश्वास राहिलेला नाही, त्याने मिल्ड्रेडला मारलं नसेल याचीही मला खात्री वाटत नाही. याच सिल्व्हियाने सगळ्यात आधी म्हटलं होतं की या माणसाचं काहीतरी बिनसलंय, आणि नवऱ्याने तिला गप्प केलं होतं. आता दिवाणखान्यात दोन बायका आहेत आणि दोघींनी वेगवेगळ्या वेळी, एकेकटीने, तेच पाहिलेलं आहे. रे यांनी या दोघींना आणखी पाच मिनिटं द्यायला हवी होती. मला ऐकायचं होतं सिल्व्हिया तिला आणखी काय विचारते, लॉरेल कुठून सांगायला सुरुवात करते, कुठे अडखळते. ब्रब कामावरून यायला अवकाश होता, डिक्सला ती कुठे आहे हे माहीत नव्हतं. सबंध चित्रपटात लॉरेलने मन उघडं करून, दरवाजाकडे न बघता बोलावं अशी जागा हीच एक होती.